तीन पडद्यांवरचा नेपोलियन

‘मूकपट’ हा शब्द आपण सहज वापरतो, परंतु तो थोडा फसवा आहे. पडद्यावरची माणसे बोलत नसत त्या काळातही चित्रपटगृहात शांतता अशी कधी नसे. आपल्याकडे पडद्याजवळ पेटी-तबला वाजे, युरोपात लहान गावी पियानो वाजे आणि मोठ्या शहरांत पन्नास-साठ वादकांचा ताफा बसलेला असे. म्हणजे त्या काळचा चित्रपट हा प्रत्येक वेळी नव्याने सादर होणारा प्रयोग होता. बोलपट एकदा डब्यात भरला की तो मुंबईत आणि इंदुरात तोच असतो. मूकपटाचे तसे नव्हते. वादक बदलले, यंत्र फिरवणाऱ्याचा हात जलद किंवा संथ पडला, की खेळ बदले. आज अशा एखाद्या चित्रपटाचे पुन्हा प्रदर्शन करायचे म्हणजे नेमके काय करायचे, हा म्हणूनच मोठा अवघड प्रश्न आहे. त्याचे सर्वांत ठळक उदाहरण आबेल गान्स या फ्रेंच दिग्दर्शकाच्या ‘नेपोलियन’ या मूकपटाचे आहे, आणि आज त्याच्याविषयीच बोलायचे योजिले आहे.

२०२४ च्या जुलै महिन्यात, ४ आणि ५ तारखेच्या दोन संध्याकाळी, पॅरिसला लागून असलेल्या सेन नदीतील एका बेटावर, ‘ला सेन म्युझिकाल’ या संगीतगृहात हा चित्रपट दाखविण्यात आला. फ्रान्सच्या नभोवाणीचे वाद्यवृंद आणि गायकवृंद प्रत्यक्ष हजर होते आणि फ्रांक श्ट्रोबेल हे संगीत-संचालन करीत होते. खेळाचा एकूण काल सुमारे सात तास. एका बैठकीत तो संपविणे प्रेक्षकांनाही जड आणि वादकांनाही जड, म्हणून दोन रात्री. या बेटासमोरच बियाँकूर आहे, आणि तेथल्याच चित्रशाळेत जानेवारी १९२५ मध्ये या चित्रपटाच्या चित्रणाला आरंभ झाला होता. जवळजवळ शंभर वर्षांनी चित्रपट आपल्या जन्मस्थानी परतला होता. ज्या रूपात परतला ते रूप सिद्ध करण्यास फ्रेंच चित्रसंग्रहालयाच्या मंडळींना, जॉर्ज मूर्ये यांच्या नेतृत्वाखाली, सोळा वर्षे लागली. काम सुरू झाले २००८ साली.

सात तास आणि सोळा वर्षे हे आकडे ऐकून कोणालाही वाटेल की यात नेपोलियनचे संपूर्ण चरित्र असेल. ते मुळीच नाही. वॉटर्लू नाही, मॉस्कोची माघार नाही, सेंट हेलेना नाही, राज्याभिषेकसुद्धा नाही. गान्सचा संकल्प सहा चित्रपटांचा होता. सहांसाठी ठरविलेला पैसा पहिल्यातच संपला. मध्यंतरी, १९२५ च्या उन्हाळ्यात, भांडवल पुरविणारी जर्मन पेढी बुडाली आणि चित्रण कित्येक महिने बंद पडले. अखेर जे तयार झाले त्यात ब्रियेन येथील लष्करी शाळेतला पोर आहे, कॉर्सिकातून पळ काढणारा तरुण आहे, तूलाँचा वेढा आहे, पॅरिसमधला रक्तपात आहे, जोसेफीनशी विवाह आहे, आणि १७९६ मध्ये इटलीवर निघालेल्या सैन्यापाशी कथा थांबते. तिथे नायक अवघा सव्वीस वर्षांचा आहे.

एक गोष्ट मराठी वाचकाला सांगण्यासारखी आहे. या चित्रपटाचा काळ १७८१ ते १७९६ असा आहे, आणि हा आपल्या परिचयाचा काळ आहे. महादजी शिंद्यांच्या पदरी दबॉयन्य कवायती पलटणी उभारीत होता तो याच वर्षांत. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याच्या मैदानावर शिंद्यांच्या पलटणी पेराँ या फ्रेंच सरदाराच्या हाताखाली लढल्या, आणि समोर निजामाच्या बाजूस रेमाँ हाही फ्रेंचच होता. त्याची समाधी हैदराबादेत आजही उभी आहे. पुढे ५ ऑक्टोबर १७९५ रोजी नेपोलियनने पॅरिसच्या रस्त्यात तोफा डागून बंडखोरांना पांगविले, आणि त्याच महिन्यात पुण्यास सवाई माधवरावांचा अंत झाला. शाळेत आपण हे दोन इतिहास दोन निरनिराळ्या पुस्तकांतून वाचतो, म्हणून ते एकमेकांशेजारी घडले हे ध्यानात येत नाही.

आता चित्रपटाकडे वळू. गान्सचे वय तेव्हा पस्तिशीच्या घरात होते. त्याचा हट्ट असा की प्रेक्षकाने युद्ध पाहू नये, युद्धात असावे. त्या वेळी छायाचित्रण-यंत्र तिपाईवर उभे असे आणि नट त्याच्यासमोर येऊन काम करीत. गान्सने यंत्राला तिपाईवरून उतरविले. त्याने ते धावत्या घोड्याच्या पाठीवर बांधले, छायाचित्रकाच्या छातीवर बांधले, बर्फातून घसरणाऱ्या गाडीवर ठेवले. प्रारंभी ब्रियेनच्या शाळेत मुलांची बर्फाच्या गोळ्यांची लढाई आहे. मूठभर पोरे घेऊन लहानगा नेपोलियन मोठ्या टोळीशी झुंजतो. त्या प्रसंगात यंत्रही त्या गर्दीत सापडलेल्या एका मुलासारखे धडपडते. थोड्या वेळाने रात्री वसतिगृहात उशांची मारामारी सुरू होते, पिसे उडू लागतात, आणि एकाएकी पडद्याचे नऊ तुकडे होऊन प्रत्येक तुकड्यात वेगळी मारामारी दिसू लागते. या युक्त्या आज दूरदर्शनच्या जाहिरातींत दिसतात. १९२७ साली त्या कोणी पाहिल्या नव्हत्या, आणि त्या करावयास संगणकही नव्हता. एकावर एक प्रतिमा हव्या असल्या तर तीच फीत यंत्रात मागे गुंडाळून पुन्हा पुन्हा प्रकाशात धरावी लागे. एका वेळी चूक झाली की आधीचे सारे श्रम वाया.

मला स्वतःला या चित्रपटातला सर्वांत मोठा प्रसंग ‘दुहेरी वादळ’ हा वाटतो. कॉर्सिकात मृत्युदंडाची शिक्षा डोक्यावर असलेला नेपोलियन लहानशा होडीतून समुद्रात शिरतो. होडीला शीड नाही, म्हणून तो जवळचा तिरंगी ध्वजच शिडासारखा बांधतो. समुद्र खवळतो. त्याच वेळी पॅरिसमध्ये राष्ट्रसभेत एका पक्षाचा पाडाव होत आहे आणि तेथे माणसांचा समुद्र उसळला आहे. गान्सने सभागृहाच्या छताला यंत्र टांगले आणि घड्याळाच्या लंबकाप्रमाणे ते गर्दीवरून झुलविले. होडीला जेवढा हेलकावा, तेवढाच सभेला. समुद्र आणि सभा ही तुलना शब्दांत सांगितली तर शाळकरी वाटेल. पडद्यावर ती पाहताना खुर्चीचा हात धरावासा वाटतो.

उलट एक छोटा, हसवणारा प्रसंगही असाच स्मरणात राहतो. दहशतीच्या दिवसांत, ज्यांना दुसऱ्या दिवशी गिलोटिनवर जायचे त्यांची कागदपत्रे एका कचेरीत रचलेली असतात. तेथला एक कारकून ती चोरून चक्क खाऊन टाकतो! कागद नाही तर खटला नाही, खटला नाही तर मृत्यू नाही. जोसेफीनचे आणि नेपोलियनचे प्राण अशा रीतीने एका कारकुनाच्या पोटात सुरक्षित राहतात. ज्याने सरकारी कचेरीत खेटे घातले आहेत त्याला या विनोदातली भीषणता सांगावी लागत नाही.

सारेच इतके सरस आहे असे मात्र नव्हे. जोसेफीनच्या प्रणयाचा भाग लांबतो. व्हिओलीन नावाच्या एका मुलीने मनोमन नेपोलियनची पूजा करावी, देव्हाऱ्यासारखे त्याचे स्थान मांडावे, हा कथाभाग तर गोडमिट्ट आहे. सात तासांच्या खेळात त्याचा भार जाणवतो.

शेवटच्या सुमारे वीस मिनिटांसाठी मात्र सारे क्षम्य होते. सैन्य इटलीच्या सीमेवर उभे आहे, आणि तेथे दोन्ही बाजूंचे पडदे सरकून मधल्या पडद्याच्या उजवीकडे आणि डावीकडे आणखी एकेक पडदा प्रकट होतो. चित्र एकाएकी तिप्पट रुंद होते. याला ‘पॉलिव्हिजन’ म्हणजे बहुदर्शन असे नाव मिळाले. याची रचना समजण्यास कठीण नाही. आंद्रे देब्री या यंत्रकाराने तीन छायाचित्रण-यंत्रे एकावर एक बसवून दिली. एक सरळ समोर पाही, एक डावीकडे, एक उजवीकडे. तिन्ही एकाच वेळी फिरत. दाखवितानाही तीन यंत्रे एका लयीत चालवावी लागत, कारण एकाने अर्धा क्षण जरी मागे राहिले तर मधल्या पडद्यावरून बाहेर पडलेला घोडा शेजारच्या पडद्यावर उशिरा पोचणार. साध्या चित्राची रुंदी उंचीच्या एक-तृतीयांशाने जास्त असे. अशी तीन चित्रे शेजारी ठेवली की रुंदी उंचीच्या चौपट होते. डोंगरउतारावर पसरलेली सेना त्यात खरोखर मावते. नंतर गान्स आणखी एक पाऊल टाकतो. तिन्ही पडद्यांवर तो एकच देखावा दाखवीत नाही. मध्ये नेपोलियनचा चेहरा, दोन बाजूंना चालणाऱ्या पलटणी. मग मध्ये नकाशा, ढग, जोसेफीन, पसरलेले पंख असलेला गरुड. अखेर तीन पडदे निळा, पांढरा, तांबडा असे रंगतात आणि फ्रान्सचा ध्वज उभा राहतो. तीन यंत्रांचा हाच विचार ‘सिनेरामा’ या नावाने अमेरिकेत १९५२ साली पुन्हा आला. तोपर्यंत पंचवीस वर्षे उलटून गेली होती.

मग इतका मोठा चित्रपट नाहीसा झाला कसा? पहिला खेळ ७ एप्रिल १९२७ रोजी पॅरिसच्या ऑपेरागृहात झाला. तो सुमारे चार तासांचा होता आणि त्याला आर्थर ऑनेगेर याचे संगीत होते. पुढच्याच महिन्यात अपोलो नाट्यगृहात पत्रकारांना आणि व्यावसायिकांना सुमारे नऊ तासांची प्रत दाखविली गेली. येथूनच घोटाळा सुरू झाला. चार तासांचा खरा की नऊ तासांचा? चित्रगृहांच्या मालकांना दोन्ही परवडणारे नव्हते, आणि तीन यंत्रे तर कोणापाशीच नव्हती. अमेरिकेत मेट्रो-गोल्डविन-मेयर या संस्थेने त्रिपट काढून टाकून चित्रपट दीड तासाच्या आत आणला. कापलेल्या कथेचा अर्थ लागेना आणि प्रेक्षक आले नाहीत. त्यातच, पॅरिसच्या खेळाला सहा महिने होतात तोच ऑक्टोबर १९२७ मध्ये ‘द जाझ सिंगर’ आला आणि लोकांना पडद्यावरचा आवाज हवासा वाटू लागला. गान्सने स्वतःच १९३५ साली जुन्या चित्रांवर संवाद चढवून बोलपट केला आणि १९७१ साली पुन्हा एकदा नवी जोडणी केली. निर्मात्यानेच आपली वास्तू तीनदा पाडून बांधली, मग मूळ विटा कोठे शोधायच्या?

त्या शोधण्याचे काम एका इंग्रज शाळकरी मुलाने आरंभिले. केव्हिन ब्राऊनलो हे त्याचे नाव. १९५४ साली, घरगुती यंत्रावर दाखवायच्या साडेनऊ मिलिमीटर रुंदीच्या फितीची दोन रिळे त्याच्या हाती आली. ती या चित्रपटाची होती. ती पाहून मुलगा थक्क झाला आणि उरलेले तुकडे जमवू लागला. हा छंद पुढे आयुष्याचे काम झाला. निरनिराळ्या देशांतील संग्रहांतून आलेले तुकडे जोडून त्याने सिद्ध केलेली प्रत १९७९ साली अमेरिकेतील टेल्युराइड या डोंगरी गावी उघड्यावर दाखविण्यात आली. एकोणनव्वद वर्षांचा गान्स त्या थंड रात्री समोरच्या हॉटेलच्या खिडकीतून आपला चित्रपट पाहत होता. नोव्हेंबर १९८० मध्ये लंडनला कार्ल डेव्हिस यांनी स्वतः रचलेल्या संगीतासह सुमारे पाच तासांचा खेळ केला. त्यात त्यांनी बेथोव्हेनच्या तिसऱ्या सिंफनीचा आधार घेतला. तीच ती सिंफनी, जी आधी नेपोलियनला अर्पण व्हायची होती आणि तो सम्राट झाल्याचे कळताच बेथोव्हेनने त्याचे नाव खोडले. नोव्हेंबर १९८१ मध्ये गान्स वारला. आपले काम पुन्हा उभे राहिलेले त्याने पाहिले, हे त्याचे भाग्य.

परंतु येथेही वाद संपले नाहीत. जानेवारी १९८१ मध्ये न्यूयॉर्कला फ्रान्सिस फोर्ड कपोला या दिग्दर्शकाने आपल्या वडिलांच्या, कार्माइन कपोला यांच्या, संगीतासह चार तासांचा खेळ केला आणि तो अतिशय गाजला. तो बसविण्यासाठी काही भाग कापावा लागला, आणि चित्रपट सेकंदाला २४ चित्रे या बोलपटाच्या गतीने धावला. ही गतीची बाब सामान्य प्रेक्षकाला ठाऊक नसते. मूकपटाच्या काळी हाताने फिरणाऱ्या यंत्राची गती बहुधा सेकंदाला १६ ते २० चित्रे असे. १८ च्या गतीने घेतलेला सात तासांचा चित्रपट २४ च्या गतीने दाखविला तर सव्वापाच तासांत संपतो. वेळ वाचतो, पण माणसे तुरुतुरु चालू लागतात, आणि ज्या चेहऱ्यावर विचार उमटायला हवा तो नुसता उचकतो. जुन्या चित्रपटांतली माणसे विदूषकासारखी पळतात असा जो आपला समज आहे, तो पुष्कळ अंशी या चुकीच्या गतीचा परिणाम आहे. हक्कांच्या गुंत्यामुळे ब्राऊनलो-डेव्हिस यांचा पूर्ण खेळ अमेरिकेतील प्रेक्षकांना २०१२ पर्यंत पाहता आला नाही. त्या वर्षी ओकलंड येथे तो चार वेळा झाला. २०१६ साली याच प्रतीची साडेपाच तासांची संगणकीय आवृत्ती ब्रिटिश चित्रसंस्थेने प्रसिद्ध केली.

मग २०२४ च्या प्रतीत नवे काय? मूर्ये यांच्या मंडळींना निरनिराळ्या संग्रहांतले डबे उघडताना असे आढळले की ऑपेरातली प्रत आणि अपोलोतली प्रत या एकाच चित्रपटाच्या लांब आणि आखूड आवृत्त्या नव्हत्या. दोन्हींच्या मूळ फिती वेगळ्या होत्या. एकाच प्रसंगाची निरनिराळी चित्रणे त्यांत वापरली होती. आधीच्या सर्व जोडण्यांत नकळत दोन पोथ्यांचे पाठ मिसळले गेले होते. ज्ञानेश्वरीच्या किंवा गाथेच्या हस्तलिखितांवर काम करणाऱ्यांना ही अडचण चटकन समजेल. दोन परंपरांच्या ओव्या एकत्र करून ग्रंथ मोठा होतो, शुद्ध होत नाही. म्हणून या वेळी गान्सने पुढे योजिलेली मोठी आवृत्ती हाच पाया धरून, प्रत्येक तुकडा कोणत्या शाखेचा हे ठरवून मग जोडणी केली. रंगही परत आणले. त्या काळी फीत रंगाच्या द्रावणात बुडवून रात्रीला निळी छटा आणि दिव्याला पिवळी छटा देत असत. पुढे काढलेल्या काळ्या-पांढऱ्या प्रतींत ती सारी नाहीशी झाली होती. दुहेरी वादळाचाही मूळ त्रिपट होता. तो सापडलेला नाही. ऑनेगेरच्या संगीताचाही काही अंशच उरला आहे, म्हणून सिमाँ क्लोके-लाफोली यांनी जुन्या संगीतकारांच्या रचनांतून नवी गुंफण केली. हे संगीत चित्राला सर्वत्र शोभते की नाही याविषयी दोन मते होऊ शकतात. डेव्हिस यांचे संगीत ज्यांच्या कानात चाळीस वर्षे बसले आहे, त्यांना तर दुसरे काहीच मानवणार नाही.

चित्रपटाच्या विचारासंबंधी एक आक्षेप १९२७ पासूनच आहे आणि तो टाळता येत नाही. गान्सचा नेपोलियन हा दैवी पुरुष आहे. तो पाऊल ठेवतो तेथे गरुड येतो, गर्दी त्याच्यापुढे नमते. डाव्या विचाराच्या लेआँ मूसिनाक या समीक्षकाने तेव्हाच बजावले होते की हे वीरपूजन हुकूमशाहीच्या उमेदवारांना आवडणारे आहे. आणि तेव्हा शेजारच्या इटलीत मुसोलिनी सत्तेवर होता. हा आक्षेप मला निराधार वाटत नाही. तरी गान्सने एक दृश्य असे ठेवले आहे की जे आक्षेपाला काही उत्तर देते. इटलीला निघण्यापूर्वी नेपोलियन ओस पडलेल्या राष्ट्रसभेत एकटा जातो. रिकाम्या बाकांवर मेलेले क्रांतिकारक दिसू लागतात. दांताँ, रोबेस्पियर, मारा, आणि स्वतः गान्सने वठविलेला सें-जुस्त. ते त्याच्याकडून क्रांती पुढे नेण्याचे वचन घेतात आणि वचन मोडलेस तर आम्ही तुझ्यावर उलटू असे बजावतात. तो पुढे काय झाला हे प्रेक्षकाला ठाऊक असते. उरलेले पाच चित्रपट झाले असते तर या वचनाचा हिशेब गान्सने कसा मांडला असता, हे आता कोण सांगणार?

गान्सचा जन्म १८८९ चा. आपल्या बाबूराव पेंटरांचा १८९०. गान्स सहा चित्रपटांची स्वप्ने पाहत होता त्याच सुमारास कोल्हापुरात बाबूराव स्वतः बनविलेल्या यंत्रावर ऐतिहासिक चित्रपट घेत होते. हरिभाऊ आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवरून त्यांनी १९२३ साली ‘सिंहगड’ काढला. त्यात तरुण शांताराम वणकुद्रे, म्हणजे पुढचे व्ही. शांताराम, शेलारमामा झाले होते. तो चित्रपट आज उपलब्ध नाही. मूकपटाच्या काळात हिंदुस्थानात सुमारे तेराशे चित्रपट झाले असे मानतात, आणि त्यांतले पूर्ण वा अपूर्ण मिळून तीसही शिल्लक नाहीत. ‘राजा हरिश्चंद्र’चीही पुरी प्रत नाही. त्या काळची फीत ज्वालाग्राही. उष्ण, दमट हवेत ती चिकट होऊन शेवटी भुकटी होते. जी टिकली ती पुष्कळदा चांदी काढण्यासाठी वितळविली गेली. पुण्यास राष्ट्रीय चित्रसंग्रहालय स्थापन झाले १९६४ साली. तोपर्यंत मूकपट संपून तीस वर्षे होऊन गेली होती. केव्हिन ब्राऊनलोला निदान दोन रिळे सापडली. ‘सिंहगड’चे तेवढे जरी कोणाच्या माळ्यावर, एखाद्या जुन्या तंबूवाल्याच्या पेटीत निघाले, तर ते संग्रहालयाकडे पोचवावे. डबा घरी उघडू नये आणि दिव्याजवळ तर मुळीच नेऊ नये.

‘नेपोलियन’ घरच्या पडद्यावर पाहण्याची सोय आता झाली आहे. परंतु तेथे शेवटी उलटाच प्रकार होतो. पडदा तेवढाच राहतो, त्यामुळे तिप्पट रुंद चित्र बसविण्यासाठी ते आक्रसून मध्ये एक पट्टी उरते. ज्या क्षणी चित्र पसरायला हवे, त्या क्षणी ते लहान होते. म्हणून ज्यांची मुले-नातवंडे युरोपात आहेत आणि ज्यांना तिकडे जाण्याचा योग येणार आहे, त्यांनी कोठे वाद्यवृंदासह, तीन पडद्यांवर हा खेळ आहे का याची चौकशी करावी. जागा घेताना अगदी पुढची घेऊ नये. तिन्ही पडदे मान न वळविता दिसतील अशी, मागच्या रांगांतली मधली घ्यावी, आणि जेवणाच्या मोठ्या विश्रांतीत घरी परतू नये.